मानेचे चार स्क्रू

सकाळी साडेदहा वाजता जुन्या वाद्यांच्या दुकानात उभं राहून मी छातीठोकपणे सांगितलं, की हा बेस अस्सल आहे. नुसता अस्सल नाही, आमच्या भाऊजींचाच आहे. आणि दुपारी सव्वादोन वाजता, जेवता जेवता, माझ्या बायकोने एका वाक्यात माझी वाट लावली.

मी गिटारी दुरुस्त करतो, सव्वीस वर्षं झाली. गावात कुणाला जुनी गिटार घ्यायची असली की आधी मला बोलावतात, कारण बाजारात नकलांचा सुळसुळाट आहे. साठ वर्षांपूर्वीची म्हणून गळ्यात मारतात आणि घरी आणून बघावं तर परवाची. मी वाद्य हातात घेतो, मनगटावर तोलतो, पाठ बघतो, कडा बघतो, वास घेतो. हो, वास घेतो, हसू नका. जुन्या लाकडाला आणि जुन्या घामाला वास असतो. मग मी सांगतो, अस्सल की नक्कल. आजवर माझा शब्द खोटा पडलेला नाही, आणि त्याची मला मस्ती होती, हेही सांगून टाकतो.

ह्या खेपेला बोलावलं होतं माझ्या सख्ख्या बहिणीने.

ताई घरी पियानो शिकवते. अकरा मुलं येतात तिच्याकडे. पियानो आमच्या आईचा. मी चार वर्षांचा असताना त्यात एक नाणं टाकलं होतं, ते आजतागायत निघालेलं नाही. मधली एक पट्टी दाबली की आत खुळखुळ वाजतं. ताईच्या मुलांना वाटतं की पियानो असाच वाजतो.

आणि भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, हॉटेलातल्या बँडमध्ये बेस वाजवायचे. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, जिचा आवाज कानापेक्षा छातीत जास्त लागतो. तीस वर्षं एकच बेस. तीन वर्षांपूर्वी हॉटेलवाल्यांनी बँड बंद केला आणि त्या जागी गाणी वाजवणारं एक मशीन आणून ठेवलं. भाऊजी त्याच दुपारी बाहेर पडले, आणि फुटपाथवर ज्या पहिल्या माणसाने विचारलं, ‘विकणार का?’ त्याला बेस देऊन टाकला. रागाच्या भरात. त्या माणसाचं नावसुद्धा विचारलं नाही. घरी आल्यावर आतल्या खोलीत खिडकीपाशी जाऊन बसले, ते आजपर्यंत बसलेलेच आहेत. जेवतात, अंघोळ करतात, विचारलं तर हो-नाही करतात. मी तीन बेस नेऊन दिले. एकाला हात लावला आणि म्हणाले, “दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखं वाटतं रे.” बस. मी त्यांना अधूनमधून बघायचो. आणि ताई तर रोज बघत होती.

गेल्या आठवड्यात ताईला जुन्या वाद्यांच्या दुकानात तो बेस दिसला. डोक्यावर, खुंट्यांपाशी, सिगारेटचा डाग, वरच्या कडेला अंगठा घासून उडालेला रंग. दुकानदार चष्मेवाला, माझ्या ओळखीचा. ताईकडे त्याला देण्यासारखं एकच होतं. त्या सकाळी तो म्हणाला, पियानो द्या, बेस न्या. उद्या बाहेरगावचं गिऱ्हाईक येतंय, तुमच्यासाठी आजचा दिवस थांबतो.

“ताई, वेड लागलंय का तुला?” मी म्हणालो. “शिकवणार कशावर?”

“शाळेतला पियानो आहे की. मुलांना घेऊन तिकडे जाईन.”

“आईचा पियानो!”

“आई काय, तिने माझ्या आधी नेऊन दिला असता,” ताई म्हणाली. “बारक्या, मला एवढंच सांग, तो ह्यांचाच आहे ना? बाकी माझं मी बघते.”

आता घोळ कुठे झाला ते ऐका. त्या बेसची एक नक्कल होती, आणि ती मीच केली होती. नऊ वर्षांपूर्वी भाऊजींनीच करून मागितली होती, बोटीवर, बागेत, पावसापाण्यात वाजवायला, म्हणजे खरा घरी राहील. मी अशी नक्कल केली की काय सांगू. अंगठ्याने झिजलेली जागा पॉलिशपेपरने घासून घासून तशीच झिजवली. सिगारेटचा डाग पाडायला आयुष्यातली पहिली आणि शेवटची सिगारेट ओढली आणि अर्धा तास खोकलो. पुढे बँडमधला ड्रमर परदेशी निघाला, त्याला भाऊजींनी ती नक्कल भेट देऊन टाकली. ड्रमर मेला की परत आला, कुणाला ठाऊक.

माझी एक पद्धत आहे. मी नक्कल केली की तिची मान बसवण्याआधी खोबणीत पेन्सिलने ‘नक्कल’ लिहितो आणि खाली सही करतो, म्हणजे पुढे कुणाची फसवणूक व्हायला नको. मान म्हणजे गिटारची लांब दांडी. ती चार स्क्रूंनी अंगाला आवळलेली असते. ते काढले की आतलं सगळं दिसतं, सही असेल तर सही, आणि अस्सल असेल तर कारखान्याच्या कारागिराने घातलेली तारीख.

मग सकाळी दुकानात चार स्क्रू काढून का नाही बघितलं? कारण दुकानात पाटी आहे: ‘उघडलं की घेतलं.’ जुनं वाद्य कधी न उघडलेलं असेल तर त्याला किंमत, उघडलं की भाव उतरतो. आणि हे खूळ चष्मेवाल्याच्या डोक्यात कुणी भरलं? मी! दहा वर्षांपूर्वी, त्याच्याच दुकानात बसून, त्याचाच चहा पीत.

शिवाय मला उघडायची गरज वाटली नाही. पाठीमागचे स्क्रू बघितले. गंजलेले, खाचेत वर्षानुवर्षांचा घट्ट मळ. मनात म्हटलं, नकलेत तर मी नवे चकचकीत स्क्रू घातले होते. म्हणजे हा खरा. संपलं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथेच चष्मेवाल्याला सांगितलं, तीन वाजता माणसं पाठवा.

घरी आलो आणि जेवताना बायकोसमोर फुशारकी मारायला लागलो. वजन सांगितलं, डाग सांगितला, स्क्रू सांगितले.

बायको ताक ओतत होती. म्हणाली, “पण अहो, जुने स्क्रू तुम्ही नकलेत घातले होते ना?”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच काय? बँडवाल्यांशी पैज लावली होती ना तुम्ही, नक्कल ओळखून दाखवा म्हणून. नव्या स्क्रूंवरून ते ओळखतील म्हणून खऱ्यातले गंजके काढून नकलेत घातले आणि चकचकीत खऱ्यात. पैज जिंकून नाचत घरी आलात. आणि भाऊजी आठ दिवस तुमच्याशी बोलत नव्हते. विसरलात?”

माझा घास हातातच राहिला. विसरलो नव्हतो. आठवणीच्या एका कोपऱ्यात ते सगळं होतं, फक्त सकाळी मला ते आठवायचं नव्हतं. ज्या गंजक्या स्क्रूंवरून मी शपथेवर ‘खरा’ म्हणालो, ते स्क्रू नकलेत होते. मीच घातले होते, ह्या हातांनी!

घड्याळात पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. ताईला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. खरकट्या हाताने तसाच निघालो. बस येईना, रिकामी रिक्षा मिळेना, मग पळतच सुटलो. माझं वय पन्नास, पोट सुटलेलं, पायात घरातल्या सपाता. रस्त्यातली माणसं वळून बघत होती. स्वतःला सगळ्या शिव्या देऊन झाल्या आणि मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. मूर्खा, चार स्क्रू. चार स्क्रूंचं काम होतं. बहिणीने आईचा पियानो तुझ्या जिभेवर टाकला आणि तुला तुझी जीभ मिरवायची होती!

ताई दुसऱ्या मजल्यावर राहते. दारात टेम्पो उभा. मी जिन्यात शिरलो तर पहिल्या वळणावर पियानो! घोंगड्यात गुंडाळलेला, पट्ट्यांनी बांधलेला, वर दोन हमाल, खाली दोन. त्यांच्या खाली चष्मेवाला, ‘सांभाळून, सांभाळून’ करत. आणि सगळ्यांच्या वर ताई, छातीशी बेसची पेटी धरून उभी.

“थांबा!” मी ओरडलो. “थांबवा ते!”

“काय झालं रे?” ताई वरून म्हणाली. “बारक्या, तुझा हात खरकटा का आहे?”

“ताई, तो बेस कदाचित खरा नाही. माझं चुकलं. तो... तो मी केलेला असेल.”

मग खालचा हमाल म्हणाला, “साहेब, काय ते लवकर ठरवा, माझा खांदा निघालाय.” त्यांनी पियानो वळणावर टेकवला. आत कुठेतरी नाणं खुळखुळलं.

चष्मेवाला माझ्याकडे वळला. “उस्ताद, सकाळी चार लोकांसमोर सांगितलंत ना खरा म्हणून?”

“सांगितलं. गाढव आहे मी. मान उघडून बघू दे, आत माझी सही असेल तर—”

“उघडा ना, खुशाल उघडा,” तो म्हणाला. “उघडलं की घेतलं. मग आत सही निघो नाहीतर साप निघो, पियानो माझा. नियम तुमचाच आहे.”

मी त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो. माझं वर्कशॉप घे म्हणालो. तो म्हणाला, तुमच्या वर्कशॉपमध्ये आहे काय, लाकडाचा भुसा? खरं होतं ते. मी कठड्यावर चढून पियानोला वळसा घालून कसाबसा वर गेलो. तिने पेटी आणखी घट्ट धरली.

“कदाचित म्हणालास,” ती म्हणाली. “म्हणजे खराही असेल.”

“असेल. मला सांगता येत नाही, ताई. मला येत नाही सांगता!” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो, आणि बोलताना मला रडू फुटलं. “उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि उघडलं की पियानो गेला.”

“काय गेलं?”

घराच्या दारात भाऊजी उभे होते. ताईने त्यांना सांगितलं होतं, की पियानो दुरुस्तीला चाललाय. त्यांनी मला पाहिलं, जिन्यातला पियानो पाहिला, ताईच्या हातातली पेटी पाहिली. चष्मेवाल्याने खालूनच सगळा व्यवहार ओरडून सांगितला, पियानोच्या बदल्यात बेस. ताई म्हणाली, “अहो, तुमच्यासाठी... मला वाटलं...”

भाऊजी दोन पावलं पुढे आले. म्हणाले, “दे.”

ताईने जमिनीवर ठेवून पेटी उघडली. भाऊजी खाली बसले, जिन्याच्या वरच्या पायरीवर, आणि बेस मांडीवर घेतला. तीन वर्षांनी. त्यांचा अंगठा त्या झिजलेल्या जागेवर गेला. मग त्यांनी बेसच्या वरच्या शिंगाला, म्हणजे पुढे आलेल्या टोकाला, हनुवटी टेकवली, कारण बेसची वायर ॲम्प्लिफायरला जोडलेली नसली की बेस असाच ऐकतात, हाडातून. आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचे डोळे मिटलेले होते. तार वाजून वाजून थांबली तरी त्यांनी हनुवटी उचलली नाही. मनात मी हात जोडून उभा होतो. हो म्हणा, भाऊजी. काहीही करून हो म्हणा, म्हणजे मी सुटलो.

खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले. आधी ताईकडे बघितलं, मग वळणावरच्या पियानोकडे.

“हा नाही,” ते म्हणाले.

“नीट बघा ना,” ताई म्हणाली. “परत एकदा वाजवा. अहो, परत एकदा.”

“नाही म्हटलं ना. हा बारक्याने केलेला. तीस वर्षं वाजवलाय मी, मला कळत नाही का?” त्यांनी बेस पेटीत ठेवला. पेटीच्या दोन्ही कड्या स्वतः लावल्या, सावकाश. “पियानो वर घ्या,” ते हमालांना म्हणाले, आणि आत निघून गेले.

हमालांनी मला अशा शिव्या घातल्या की मी त्यातल्या दोन नव्याने शिकलो. पण पियानो वर गेला. ताई घोंगड्या सोडत होती. मी पेटी उचलली आणि चष्मेवाल्यामागोमाग खाली उतरलो. मला लाज वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, हलकंही वाटत होतं. वाचलो होतो मी. पियानो वाचला होता.

चष्मेवाला मात्र भडकला होता. चार हमालांसमोर त्याच्या मालाला नक्कल म्हटलं गेलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्याने टेम्पोच्या फळीवर पेटी आपटली, उघडली, बेस पालथा घातला आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“अरे, तुझाच नियम—” मी म्हणालो.

“खड्ड्यात गेला नियम. दाखवा मला तुमची सही! माझ्याकडे नक्कल असेल तर मी गिऱ्हाइकाला तसं सांगेन, पण आधी सही दाखवा.”

स्क्रू निघता निघेनात. करकरत एकेक निघाला. त्याने मान उचलली.

खोबणीत काहीच नव्हतं. ‘नक्कल’ नाही, माझी सही नाही. कोरं, पिवळट, जुनं लाकूड. आणि मानेच्या टाचेवर, फिकट पेन्सिलने, दुसऱ्याच कुणाच्या हाताची तारीख. सतरा, चार, आणि वर्ष. नऊ वर्षांपूर्वी नक्कल करताना मी हीच तारीख वाचली होती. त्यातला सात वरून वाकडा होता. आत्ताही वाकडाच होता.

मी त्या सातावरून बोट फिरवलं.

“कुठे आहे सही?” चष्मेवाला म्हणाला. मग त्यालाही तारीख दिसली. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आवाज खाली आला. “उस्ताद, हा तर खरा आहे. सकाळी तुम्ही बरोबर होतात.” आणि मग, वाईट माणूस नाही तो, “बोलवा ताईंना. अजूनही देतो मी. पियानो चढवू परत?”

मी वर बघितलं. आतल्या खोलीच्या खिडकीत भाऊजी उभे होते. फळीवर उघडा पडलेला त्यांचा बेस त्यांना स्पष्ट दिसत होता. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. एकदाच.

दुसऱ्या खिडकीतून पियानोचा आवाज आला. वर-खाली नेल्यामुळे सूर हलला का, ते ताई एकेक पट्टी दाबून बघत होती. मधल्या पट्टीला नाणं खुळखुळलं.

“नको,” मी म्हणालो. “घेऊन जा.”

“अहो, पण—”

“घेऊन जा म्हटलं ना! आणि ताईला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. बाजारात काय सांगायचं ते सांग. उस्तादाचे डोळे गेले म्हणून सांग.”

त्याने मान पुन्हा बसवली आणि चार स्क्रू आवळले. टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग वर गेलो. ताईच्या खोलीवरून पुढे, भाऊजींपाशी. ते पुन्हा खुर्चीवर बसले होते.

“स्क्रू मीच परत बदलले होते,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुझ्या पैजेनंतर, दुसऱ्याच दिवशी. माझ्या बेसला दुसऱ्याचे स्क्रू कसे चालतील?”

“भाऊजी, अजून वेळ आहे. टेम्पो चौकापर्यंतही गेला नसेल.”

“विकला मी. माझी अक्कल गेली होती, मी विकला. त्याचं तिने का भरायचं?” ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर घासत होता, पुढे-मागे, पुढे-मागे. “तारीख होती ना आत?”

“होती.”

“सात वाकडा?”

“वाकडाच.”

त्यांनी मान डोलावली. मी तोंड फिरवलं, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात ताई दारात आली. डोळे सुजलेले, पण तोंड धुऊन आली होती, पदराने चेहरा पुसत होती. ती भाऊजींच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “नक्कल होती ते बरंच झालं, उगाच फसलो असतो. म्हणजे खरा अजून कुठेतरी आहेच ना? मी शोधत राहणार. मिळेल. काय रे बारक्या, मिळेल ना?”

भाऊजींचा अंगठा थांबला.

“मिळेल, ताई,” मी म्हणालो.

“मग पुढच्या वेळी मेल्या,” ताई म्हणाली, “आधी उघडून बघ.”